मग कोडिंग कोणी केलं?

आज एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेली परीक्षक, म्हणून गेले होते. कॉलेजचं नाव विचारू नका, सांगणार नाही. घरी येऊन जेवण झालं, भांडी आवरली, तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहायला बसलेय. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना रील बघायचेत त्यांनी खुशाल पुढे जावं.

चार जणांचा ग्रुप, तीन मुलगे आणि एक मुलगी. होस्टेलच्या मेसची कुपनं मोबाइलवर काढायचं अ‍ॅप. डेमो बरा झाला. मग माझ्या शेजारचे परीक्षक, वयाने आणि अनुभवानेही माझ्याहून मोठे, एकेकाला विचारायला लागले, "तू काय केलंस?" पहिला म्हणाला बॅकएंड (पडद्यामागचा कोड), दुसरा फ्रंटएंड (स्क्रीनवर दिसतं ते), तिसरा डेटाबेस (माहिती साठवणं). मुलगी म्हणाली, "सर, टेस्टिंग आणि डॉक्युमेंटेशन."

"म्हणजे कोडिंग नाही?"

"थोडं केलंय सर, पण मुख्य म्हणजे..."

"बरं, बरं." आणि पेन चाललं. शेजारीच बसले होते, आकडा दिसला मला. ग्रुपमध्ये सगळ्यात कमी.

मी म्हटलं, टेस्टिंग दाखव की. तिने सॅकमधून स्टेपल केलेले कागद काढले. एक्सेलच्या प्रिंट, कडेला पेनाने केलेल्या खुणा. एक ओळ अशी: नेट स्लो असताना 'कुपन घ्या' दोनदा दाबलं की दोन कुपनं कटतात. दुसरी: नावात जोडाक्षर असेल तर पीडीएफ पावतीत अक्षरं फुटतात. तिसरी: रात्री बारानंतर काढलेलं रात्रीच्या जेवणाचं कुपन दुसऱ्या दिवशीच्या हिशोबात जातं. प्रत्येकीपुढे कोणाला सांगितलं, कधी दुरुस्त झालं, दुरुस्त केल्यावर दुसरं काय बिघडलं. दुरुस्तीनंतर दुसरं काय बिघडलं, हे लिहून ठेवणारं माणूस माझ्या टीममध्ये मिळावं म्हणून मी किती इंटरव्ह्यू घेते, ते एचआरला विचारा.

आणि आपण तिला विचारतो, कोडिंग नाही केलंस?

मला हे इतकं झोंबायला कारण आहे. माझ्या शेवटच्या वर्षी आम्हीही चौघंच होतो. मीच एकटी मुलगी. पहिल्याच मीटिंगला, म्हणजे कँटीनमध्ये, ठरलं की आमचा हिरो कोडिंग करणार (त्याच्या घरी कॉम्प्युटर होता, एवढीच पात्रता), आणि मी रिपोर्ट बघणार, "कारण तुझं अक्षर छान आहे." रिपोर्ट टाइप करून द्यायचा होता. अक्षराचा काय संबंध, हे तेव्हा कोणालाच सुचलं नाही.

प्रोजेक्ट लायब्ररीचा. जमाना व्हिज्युअल बेसिक सिक्स (व्हीबी, प्रोग्रॅम लिहायला) आणि अ‍ॅक्सेसचा (माहिती साठवायला). हिरो एकटाच रात्र-रात्र बसून लिहायचा आणि आम्ही बाकीचे त्याचं कौतुक करायचो. सबमिशन तोंडावर आलं आणि हिरोला कावीळ झाली. अंथरुणाला खिळला. कोड त्याच्या मशीनवर, आणि त्यात काय आहे हे जगात फक्त त्याच्या डोक्यात.

तो भाग नंतर सांगतेच, आधी दुसरं बोलते.

प्रोजेक्ट ग्रुपने करायचा असं विद्यापीठाने का ठरवलं असेल? कॉम्प्युटर कमी होते, गाइड कमी होते, हे झालंच. पण अभ्यासक्रमात तो आहे, कारण सॉफ्टवेअर एकट्याने बनत नाही. १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिशला नाटोने परिषद भरवली, 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे नाव तिथून रूढ झालं. तिथे रडगाणं कसलं होतं? मोठी कामं वेळेत होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो, झालेलं भरवशाचं नसतं. कोड लिहायला माणसं मिळत नाहीत एवढंच दुखणं नव्हतं ते. त्याच वर्षी अमेरिकन संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी लिहून ठेवलं की माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशीच त्यांनी बनवलेली सिस्टीम निघते. आता कुठल्याही कॉलेजातला प्रोजेक्ट उघडा. लॉगिनचा भाग लिहिणाऱ्याने विद्यार्थ्याचा नंबर आकडा म्हणून ठेवलेला असतो आणि रिपोर्टचा भाग लिहिणाऱ्याने अक्षरं म्हणून. का? तर दोघांचं दिवाळीपासून बोलणं नाही.

हे आपण शिकवतो का? नाही. आपण शेवटच्या दिवशी डेमो बघतो आणि सोनेरी अक्षरांचं ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बांधलेला रिपोर्ट, हातात घेऊन वजन बघतो. त्यात वॉटरफॉल मॉडेलची (एकामागून एक टप्प्यांनी काम करायच्या पद्धतीची) आकृती असते, जी गेल्या वर्षीच्या ग्रुपच्या पुस्तकातून आलेली असते. यूज केस डायग्राम, म्हणजे कोण काय वापरणार याची आधी काढायची आकृती, कोड पूर्ण झाल्यावर काढलेला असतो. मुलांना कळतं, गाइडला कळतं, मला कळतं. सगळे सह्या करतात. आणि ज्यांनी तयार प्रोजेक्ट पैसे मोजून दुकानातून उचललाय, त्यांचं पुस्तक सगळ्यात देखणं असतं!

बरं, मान्य, 'टेस्टिंग केलं' हे काही न करणाऱ्यांचं लाडकं उत्तर आहे. दरवर्षी असे दोन-चार भेटतात. पण मग कागद मागा ना. एक मिनिट लागतं.

तर कावीळ. आम्ही तिघं त्याच्या घरी जाऊन बसायला लागलो. तो कॉटवर, कॉम्प्युटर शेजारच्या टेबलावर. काकू त्याला उसाचा रस द्यायच्या आणि आम्हाला चहा. मी कोड उघडला तर बटणांची नावं कमांड वन, कमांड टू, अशी कमांड ट्वेंटीथ्रीपर्यंत. व्हीबी आपणहून देतं ती नावं, त्याने एकही बदललेलं नव्हतं. मी विचारलं, कमांड सेव्हन्टीन दाबल्यावर काय होतं? हिरो छताकडे बघत राहिला. त्यालाही आठवेना. शेवटी आम्ही एकेक बटण दाबून, काय होतं ते वहीत लिहायला लागलो. त्या वहीतूनच आम्हाला कळलं की पुस्तक परत घेतलं तरी दंड चालूच राहतो. चौघांना पहिल्यांदा एकच प्रोजेक्ट कळला तो तेव्हा, त्या खोलीत. तोवर आम्ही ग्रुप नव्हतोच, एक कोडर आणि तीन पाहुणे होतो.

आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) मार्क कोणाला जास्त मिळाले? हिरोला. "आजारी असूनही किती काम केलं!" (तो आजही मित्र आहे, ही पोस्ट वाचेल, हसेल. त्याचा दोष नाही, त्याला कोणी विचारलंच नव्हतं की बाबा, हे दुसऱ्याला वाचता येईल का.)

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या विद्यार्थ्यांच्या सरकारी स्पर्धेला सहा जणांच्या टीममध्ये किमान एक मुलगी हवी असा नियम आहे. चांगलाच नियम आहे. पण नियमामुळे मुलगी आणतात आणि मग तिला पीपीटी देतात. अशा किती मुली मला येऊन सांगून गेल्यात. प्रेझेंटेशन तू कर, तुझं बोलणं छान आहे! अक्षर गेलं, बोलणं आलं.

काही कॉलेजांत आता गिटहब (गिट वापरून कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी साइट) सक्तीचं केलंय, कोणी किती कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी, केले ते मोजतात. तेही काही खरं नाही. गिटमध्ये लेखक म्हणून कोणाचंही नाव घालता येतं, सेटिंगमधली एक ओळ बदलायची. आणि एकाने नुसतं कोडचं फॉरमॅटिंग केलं तरी हजारो ओळी त्याच्या नावावर चढतात. मोजायला सोपं तेवढंच मोजायचं, ही जुनी खोड. पण ते कमिट कधी झाले ते तरी बघा. सगळे सबमिशनच्या आदल्या रात्री असतील तर कसला आलाय ग्रुप?

आणि आता तर चॅटजीपीटी आहे. बॅकएंडवाल्या मुलाला मी त्याच्याच कोडमधलं एक फंक्शन दाखवून विचारलं, ही अट इथे का आहे? "मॅम, ते... जनरेट झालंय." प्रामाणिक तरी होता. ती अट का आहे हे सांगितलं त्या मुलीने. दोनदा कुपन कटू नये म्हणून. तिच्याच यादीतल्या पहिल्या ओळीमुळे ती अट आली होती. खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही.

मग मी भांडले. हळू आवाजात, पण भांडले. सर म्हणाले, "मॅडम, अजून नऊ ग्रुप आहेत आणि दोनला हॉल रिकामा करायचाय." खरंय, तेही. या ग्रुपच्या गाइड मॅडमच्या डोक्यावर लेक्चर, प्रॅक्टिकल, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, अ‍ॅडमिशनची ड्यूटी, आणि वर हे सगळे ग्रुप. एका सेमिस्टरमध्ये त्यांनी प्रत्येक ग्रुपची भांडणं कधी सोडवायची? त्यांच्यावर राग नाही माझा. संध्याकाळी होता, आता लिहिता लिहिता गेला. मार्क वाढले शेवटी, थोडे. सरांनी तोंड वाकडं करून सही केली.

पण एवढं तर जमेल ना? मधल्या एका महिन्यात ग्रुपमधल्या दोघांची कामं अदलाबदल करा. बॅकएंडवाल्याने टेस्टिंग करायचं, टेस्टिंगवालीने बॅकएंड. एकमेकांचं लिहिलेलं वाचायला लागलं की कमांड सेव्हन्टीन आपोआप बंद होतील. त्याला पैसे लागत नाहीत, लॅब लागत नाही, कुठल्या समितीची मंजुरी लागत नाही.

माझ्या यादीतल्या प्राध्यापक मंडळींनी रागवायचं असेल तर रागवा, पण इथेच, कमेंटमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळं नको. आणि पुढच्या वर्षी मला बोलवाल तर प्रत्येक ग्रुपची चुकांची यादी आधी टेबलावर ठेवा. ब्लॅक बुक नंतर बघू.