मामा, गोडेतेल टाकीत ओतू नका

काल रात्री मामांचा फोन आला. पिकअपमध्ये घाण्याचं गोडेतेल घालून बघू का, म्हणाले. पंधरा किलोचा डबा आणूनही ठेवलाय. कारण सगळीकडे फिरणारा तो मेसेज: 'रुडॉल्फ डिझेलने जगातला पहिला ट्रक बनवला. त्याचं इंजिन शेंगदाणा तेलासाठीच होतं. तेल कंपन्यांनी त्याला समुद्रात फेकून ते दाबून टाकलं. आजही कुठल्याही डिझेल गाडीत गोडेतेल चालतं.' मामा नारायणगावचा टोमॅटो वाशीला नेतात, घर त्या गाडीवर चालतं. म्हणून लिहितेय.

पहिला ट्रक गॉटलीब डाइमलरचा, १८९६ चा, पेट्रोलवर चालणारा. डिझेल इंजिन शोधणाऱ्या रुडॉल्फचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला चाचणीत उतरलं तेव्हा ते तीन मीटर उंच होतं, आणि इंधन फवारायला हवेचा वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. पुढे त्याने ट्रकसाठी छोटं इंजिन करून पाहिलं, हे खरं. पण बेंझ आणि एमएएन या जर्मन कंपन्यांचे डिझेल ट्रक आले १९२३-२४ मध्ये, तो गेल्यावर दहा वर्षांनी.

शेंगदाणा तेलाचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन खरोखर त्यावर चाललं. पण १९१२ मध्ये लंडनला वाचलेल्या निबंधात रुडॉल्फ स्वतःच सांगतो की ते इंजिन 'ऑटो' नावाच्या इंजिन बनवणाऱ्या कंपनीने मांडलं होतं, प्रयोग फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून झाला, आणि इंजिन बांधलं होतं खनिज तेलासाठी. काही बदल न करता ते शेंगदाणा तेलावर चाललं, एवढंच. मेसेजवाल्यांनी नेमकं हेच उलटं करून टाकलं!

आणि ते इंजिन म्हणजे मामांची पिकअप नव्हे. गोडेतेल डिझेलपेक्षा दहापट तरी घट्ट असतं. आजच्या कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणाऱ्या) गाडीत हजार बारच्या वर दाबाने, केसाएवढ्या भोकांतून इंधन फवारलं जातं. घट्ट तेलाचा बारीक फवारा होत नाही, ते अर्धवट जळतं. नोझलवर काजळी धरते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, न जळलेलं तेल खाली उतरून इंजिन ऑइल घट्ट, चिकट होऊ लागतं. सुरुवातीला गाडी छान पळते, म्हणूनच माणूस फसतो. बायोडिझेल वेगळं: त्यात तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून ग्लिसरीन काढलेलं असतं. घाण्यावर ते होत नाही.

खुनाचं म्हणाल तर, २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री बेल्जियममधल्या अँटवर्पहून इंग्लंडमधल्या हार्विचला जाणाऱ्या बोटीवरून रुडॉल्फ नाहीसा झाला, कर्जात बुडालेला होता. खून कधीच सिद्ध झालेला नाही. आणि इंजिन दाबलं कुठे? १९१२ मध्येच 'सेलांडिया' हे जहाज त्यावर समुद्र ओलांडत होतं, तेही खनिज तेल जाळून. तेल कंपन्यांचं ते गिऱ्हाईकच होतं.

मामा, डबा मामीला द्या. थोडं जरी ओतलं असेल, तर चावी फिरवू नका. आधी मिस्त्रीकडून टाकी रिकामी करून घ्या.