रेकॉर्ड उलटी नाही, आमचं वर्णन चुकलं होतं

नमस्कार,

आमच्याकडून घेतलेल्या ‘होमवर्क’ला, डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीच्या अल्बमला, तुम्ही एक स्टार दिलात. शेवटचा ट्रॅक उलटा वाजतो, एका ट्रॅकमध्ये नुसती खरखर आहे, ‘अराउंड द वर्ल्ड’मध्ये तेच तीन शब्द संपता संपत नाहीत आणि कव्हरचा कोपरा दुमडलाय, अशा तुमच्या तक्रारी. वर १९९७चा जुना माल आम्ही अजून पहिल्या पानावर लावून गिऱ्हाईक गंडवतो, हा टोमणा.

कोपऱ्याची चूक सरळ आमची. दोन एलपींच्या वजनाला एक पुठ्ठा पुरत नाही, हे आम्हाला कळायला हवं होतं.

उलट्या ट्रॅकचं वाचून मात्र हसू आलं, रागावू नका. ‘फंक ॲड’ उलटाच आहे! याच अल्बममधल्या ‘दा फंक’चा तुकडा उलटा फिरवून शेवटी लावलाय, नावातला ‘दा’सुद्धा उलटून ‘ॲड’ झालाय. याच कारणासाठी रेकॉर्ड परत मागणारे तुम्ही पहिले नाही.

खरखर ‘रोलिन अँड स्क्रॅचिन’मधली. तुमच्याच बॅचमधली एक प्रत काढून मी परवा लावली. आधी साधा ठोका, मग तो किंचाळणारा सूर शिरतो आणि सात मिनिटं उलटली तरी पिच्छा सोडत नाही. ओरखडा असता तर दर फेरीला, म्हणजे साधारण १.८ सेकंदांनी, त्याच लयीत ‘टक्’ आलं असतं. तसं काही नाही. त्यांनी तो असाच बनवलाय. आमच्या घरीही तो लागला की दार लावून घेतात.

‘अराउंड द वर्ल्ड’ हे शब्द अल्बमवर १४४ वेळा येतात, मोजणाऱ्यांनी मोजलेत. पण शब्द जागच्या जागी ठेवून भोवतीची वाद्यं येत-जात राहतात, गंमत तिथे आहे. दिग्दर्शक मिशेल गोंद्रीने केलेल्या या गाण्याच्या व्हिडिओत प्रत्येक वाद्याला नाचणाऱ्यांची वेगळी टोळी दिलीय: ड्रम मशीनला ममी, आवाजाला रोबो, बेसलाइनला पायऱ्या चढणारे-उतरणारे. तो एकदा बघा आणि मग रेकॉर्ड लावा.

जुन्या मालाबद्दल एवढंच सांगतो. पॅरिसमध्ये जोडीतल्या तोमा बांगाल्तेरच्या बेडरूममध्ये दोघांनी हे रेकॉर्ड केलं, नाव त्यावरूनच. मोठ्या स्टुडिओची इस्त्री त्यावर फिरली नाही, म्हणूनच ते शिळं झालं नाही असं माझं मत. २०२१मध्ये दोघांनी जोडी मोडली तेव्हा मागणी एकदम चढली. महिन्याभरात उतरेल असा माझा होरा होता, तो साफ चुकला. आज घेणाऱ्यांत १९९७नंतर जन्मलेली पोरं भरपूर.

तरी तुमचा राग रास्त आहे, कारण आमच्या वर्णनात ‘वन मोअर टाइम आवडणाऱ्यांसाठी’ असं लिहिलं होतं. ते गाणं २००१च्या ‘डिस्कव्हरी’वरचं. त्या गोडव्याच्या आशेने ‘होमवर्क’ लावला तर माणूस वैतागणारच. ते वाक्य काल काढलं. आता तिथे ‘खडबडीत, लांबलचक, गाणं कमी, ठोका जास्त’ असं आहे.

ऐकलेली असली तरी रेकॉर्ड परत घेतो, पाठवणीचा खर्च आमचा. पैसे हवेत, बदल्यात ‘डिस्कव्हरी’ हवी, की धड कोपऱ्याची हीच प्रत, ते ऑर्डर नंबरासकट कळवा. स्टार वाढवा असं म्हणणार नाही. फक्त ‘उलटी रेकॉर्ड विकतात’ हे वाक्य तेवढं काढलंत तर बरं होईल.