हॉलचा इतिहास लिहायला घेताय?

अभिनंदन! गावच्या जुन्या हॉलच्या स्मरणिकेत 'इतिहास' लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. घाबरू नका. गाव सांगली जिल्ह्यात आहे, म्हणजे निम्मं काम झालंच.

सुरुवात १८४३ पासून करा. त्या साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांसमोर 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं. तेव्हा आपल्या हॉलच्या जागी बाभळी होत्या. पण 'त्याच थोर परंपरेतून ही वास्तू उभी राहिली' या वाक्याला आजवर कुणी पुरावा मागितलेला नाही. मग बालगंधर्वांना आणा. १९०५ मध्ये ते मिरजेत रंगभूमीवर पहिल्यांदा उभे राहिले. मिरज काय लांब आहे? येता-जाता डोकावले असतीलच. फक्त ते १९६७ साली गेले, एवढं भान ठेवून तारीख टाका.

कुणी कागदपत्रं मागितली, तर महापूर. २०१९ चा घ्या, तो दांडगा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ च्या वर. आपला हॉल टेकावर आहे, कृष्णामाईनं त्याची पायरी कधी पाहिलेली नाही, हे परगावच्यांना कशाला सांगायचं? शिवाय दप्तराबरोबर हिशेबही वाहून जातात.

देणगीदार मात्र एकही सुटता कामा नये. फरशीवरचे, कपाटावरचे, पातेल्यांवरचे, सगळे उतरवून घ्या. पंख्यांच्या पात्यांवरच्या नावांसाठी लाईट जायची वाट बघा. पंखा फिरायला लागला की दाता दिसत नाही. (दात्याच्या घरचं लग्न असलं की सगळा मांडव घामाघूम का असतो, ते मला असं कळलं.)

लग्नं, बारशी, मतदान हे 'विविध उपक्रमां'त कोंबा. पत्त्यांच्या डावाला 'बौद्धिक क्रीडा' म्हणा. बायका मागच्या दारानं येऊन माळ्यावर बसायच्या आणि गावातली काही माणसं पायरीशीच थांबायची. तिथे 'सर्वांसाठी खुले' असं ठोकून द्या.

दारापाशी स्टुलावर म्हातारे शिपाईमामा बसलेले असतील. गॅसबत्त्या कोण पेटवायचं, कुठल्या लग्नात छत गळलं, पायरीशी कोण थांबायचं, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. त्यांना चहा सांगा आणि सटका. इतिहासाला चार पानं आहेत, बाकीची जाहिरातींना गेली.