बोलता येईल एवढ्या वेगानं

मॅरेथॉनच्या सरावाचं एक पथ्य सांगतात. आठवड्यातलं बहुतेक पळणं शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या सावकाश करायचं. वाक्य मधेच तुटलं, की वेग जास्त झाला म्हणून समजायचं. हा नियम ज्यानं काढला तो बेळगावात एकदाही पळालेला नसणार. इथं बोलता येईल की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. बोलल्याशिवाय पुढं सोडतंय कोण?

त्यातून मी बँकेत, आणि तेही काउंटरवर. काउंटरच्या काचेमागचा माणूस पहाटे साडेपाचला अर्ध्या चड्डीत दिसला तरी टिळकवाडीपासून हिंडलग्यापर्यंतचे लोक त्याला बरोबर ओळखतात. काँग्रेस रोडला जरा लय सापडते न सापडते तोच कडेनं हाक येते, "ओ साहेब! बरं झालं भेटलात. ते आमच्या आईचं पेन्शनचं हयातीचं सर्टिफिकेट..." ते नोव्हेंबरात द्यायचं असतं एवढंच पळता पळता सांगून सुटावं म्हटलं, तर हे गृहस्थ बरोबर चालायला लागतात. चालायला. मी पळत असतो, ते चालत असतात, आणि आम्ही बराच वेळ बरोबर असतो.

हा काँग्रेस रोड म्हणजे १९२४ च्या अधिवेशनाची आठवण. गांधीजी अध्यक्ष झाले ते काँग्रेसचं एवढं एकच अधिवेशन, आणि ते आमच्या बेळगावात. तेव्हापासून या रस्त्यावर चालणाऱ्याला मान आहे. पळणाऱ्याकडं मात्र लोक आधी बघतात, आणि मग त्याच्या मागं कोण लागलंय ते बघतात.

आमच्या ग्रुपचे म्होरके दातांचे डॉक्टर आहेत. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवून त्यांना बोलू न देण्याची सवय असल्यामुळं पहाटेही त्यांच्यापुढं कुणाचं काही चालत नाही. "थांबायचं नाही. पाणी प्यायचं तर पळता पळता. शूलेस सुटली तर पडा, पण घड्याळ बंद करू नका." बाकी आम्ही म्हणजे हार्डवेअरवाले अण्णा, हायस्कुलातल्या बाई आणि मी. दसऱ्यानंतरच्या एका मॅरेथॉनला आम्ही सगळ्यांनी एकाच रात्री, एकाच मोबाईलवरनं नावं घातली. त्या रात्री अण्णांच्या मुलीच्या साखरपुड्याचं जेवण होतं, आणि जेवणानंतर माणसाला काहीही जमेल असं वाटतं.

डॉक्टरांनी सरावाचं अठरा आठवड्यांचं वेळापत्रक इंटरनेटवरनं उतरवलं. ते अमेरिकेतलं. अमेरिका-युरोपातल्या बऱ्याच मोठ्या शर्यती शरदात असतात. बर्लिन सप्टेंबरात, शिकागो ऑक्टोबरात, न्यूयॉर्क नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. म्हणजे सराव येतो त्यांच्या उन्हाळ्यात. त्यामुळं त्या वेळापत्रकात जुलैच्या पानावर लिहिलंय की ऊन चढायच्या आत पळून घ्या, टोपी घाला, अंगाला सनस्क्रीन लावा. हे वाचलं तेव्हा बाहेर इतका कोसळत होता की समोरच्या घराचा दिवा दिसत नव्हता. बेळगावचा जुलै ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. आठ-आठ दिवस सूर्य रजेवर. सनस्क्रीन लावायचं तर आधी अंग कोरडं पाहिजे.

पावसातलं पळणं एकवेळ जमतं. बुटांचं काय करायचं? सहा-सात हजारांचे बूट, तळाला म्हणे नायट्रोजन भरलेला फेस. फेसाला पाणी आवडतं. एकदा यळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ चढून आलो की बूट दोन दिवस वाळत नाहीत, आणि लाल मातीचा रंग तर त्यांनी कायमचाच घेतलाय. मग आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, जीभ बाहेर ओढायची आणि फ्रिजच्या मागं, जिथं जरा गरम हवा येते तिथं, उपडे ठेवायचे. तासाभरानं बोळे भिजले की बदलायचे. यात आदल्या दिवशीचा पेपर संपला म्हणून मी त्या दिवशीचा वापरला, आणि त्यात शब्दकोडं होतं. बायको फ्रिज उघडायला गेली, वास घेतला, कोड्याचा अर्धा तुकडा ओढून काढला आणि म्हणाली, "मी सांगतो तुम्हाला, एक तर ही बुटं ऱ्हातील ह्या घरात, नाहीतर मी ऱ्हातो." मी बूट जिन्यात ठेवले. जिन्यात ते आठवडाभर वाळले नाहीत.

शेजारच्या काकांचं म्हणणं निराळंच. ते रोज गेटात छत्री घेऊन दूधवाल्याची वाट बघत उभे असतात. "काय ओ, आतापास्नं? नवरात्र लांब हाय की अजून!" बेळगावात पहाटे जथ्यानं पळायचे दिवस ठरलेले आहेत, नवरात्रातली दुर्गामाता दौड. पांढरे कपडे, डोक्यावर भगवं, गल्लोगल्ली रांगोळ्या, दारादारात आरतीची ताटं. ती पोरं अनवाणी पळतात आणि नंतर कुणाला गुडघ्याबद्दल सांगत बसत नाहीत. गेल्या वर्षी आमच्यासारखे चार निऑन टी-शर्टवाले चुकून त्या गर्दीत सापडलो, तर एका आज्जीनं आमच्या डॉक्टरांनाही ओवाळलं. डॉक्टरांनी घड्याळाचं बटण दाबून वेळ थांबवली, ती त्या एकदाच.

पळणाऱ्याला खरी लाज आणतो तो कॅम्प. तिथं मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र. पहाटे रिक्रूटांच्या तुकड्या पाठीवर ओझं घेऊन, पायात साधे पीटी शूज घालून, वर गाणं म्हणत आम्हाला मागं टाकून जातात. बोलता येईल असा वेग आम्ही कष्टानं राखतो. ते गाता येईल असा राखतात. आणि त्यांच्या मागोमाग असतात भरतीची तयारी करणारी आसपासच्या गावांतली पोरं. त्यांचं सगळं गणित १६०० मीटरचं. साडेपाच मिनिटांत आले तर पहिल्या गटाचे पुरे गुण. त्यांच्यासाठी पळणं म्हणजे नोकरी, घर, बहिणीचं लग्न. त्यातला एक जण शूलेस बांधायला माझ्याशेजारी थांबला.

"काका, कुठल्या भरतीला?"

"भरती नव्हे रे. मॅरेथॉन. बेचाळीस किलोमीटर."

"एकदम?"

"आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर."

"ते वरचं कशाला?"

विचारलंच म्हणून मी सांगितलं. १९०८ ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सोडली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवली. ते अंतर तेवढं भरलं, आणि १९२१ ला तेच सगळ्यांसाठी कायम झालं. पोरगं विचारात पडलं.

"म्हंजे राणीला बसल्या जाग्यावरनं दिसावं म्हणून तुम्ही अजून पळताय?"

"तसं नव्हे..."

"बरं, पहिला आला तर काय?"

"पहिले केनिया-इथिओपियाचे येतात. दोन तास, सव्वादोन तास. शिकागोला २०२३ मध्ये किप्टम म्हणून एक होता, त्यानं दोन तास पस्तीस सेकंदांत संपवली."

"आणि तुम्ही?"

"पाच तासांत बसवायची म्हणतोय."

"मग तुम्हाला काय देत्यात?"

"मेडल."

"कितव्या नंबराला?"

"पुरी करेल त्या सगळ्यांना."

"आणि पैसे?"

"पैसे आपण भरायचे."

त्यानं दुसऱ्या बुटाची गाठ मारली, उभा राहिला, माझ्याकडं नीट बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, घरात सगळं बरं हाय न्हवं?"

सराव जसा वाढत जातो तसे सण येतात. हे अमेरिकेच्या कागदात कुठं असणार? ज्या आठवड्यात पायांनी सगळ्यात जास्त अंतर खायचं, नेमकी त्याच आठवड्यात अनंत चतुर्दशी. बेळगावचा सार्वजनिक गणपती १९०५ चा, टिळकांच्या प्रेरणेचा, आणि विसर्जनाची मिरवणूक अशी की संध्याकाळी निघाली तर दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी कपिलेश्वराच्या तलावाकडं रांग हलत असते. डॉक्टरांनी दोन दिवस आधी संध्याकाळी आठला झोपायचा हुकूम काढला होता. अण्णा मंडळाचे खजिनदार. ते कसले झोपतात? ते ढोल-ताशासमोर रात्रभर नाचले, पहाटे नाचले, ऊन चढल्यावरही थोडं नाचले. शेवटी त्यांच्या मनगटावरच्या घड्याळानं त्यांना चार दिवस पूर्ण विश्रांतीचा सल्ला दिला. मला विचाराल तर त्या आठवड्यात आमच्यातला खरा सराव अण्णांचाच झाला. एनर्जी जेल नाही, इलेक्ट्रोलाईट नाही, गल्लीतल्या बायांनी दिलेलं कोकम सरबत फक्त. पण डॉक्टरांनी तो धरला नाही, कारण गणपतीपुढं नाचताना अंतर सरळ रेषेत जात नाही.

त्यानंतर म्हाळ. शास्त्र म्हणतं की शरीरात साठवलेल्या साखरेवर माणूस साधारण तीस किलोमीटर जातो, मग ती संपते आणि समोर भिंत उभी राहते. म्हणून शर्यतीच्या आधी दोन-तीन दिवस भात-पोळी-बटाटा जरा जास्त खाऊन कोठार भरून घ्यायचं. दोन-तीन दिवस! आमच्याकडं हे कोठार गणेश चतुर्थीला उघडतं आणि तुळशीच्या लग्नाला बंद होतं. मोदक संपतात न संपतात तोच म्हाळाची आवताणं. खीर, वडे, आमटी, भजी, आणि वाढणारी वहिनी ताटावर हात आडवा धरला तरी म्हणणार, "घ्या की भावजी, तुम्ही पळणारी माणसं." पळणारी माणसं म्हणून वाढलेलं पचवायला आणखी पळायचं, आणि पळतो म्हणून आणखी वाढून घ्यायचं. अठरा आठवड्यांत माझं वजन जिथं होतं तिथंच आहे. बाईंच्या मते हीच मोठी कमाई.

कुंद्याचा प्रयोगही याच सुमाराचा. पळताना खायच्या जेलच्या पुड्या महाग आणि चवीला खोकल्याच्या औषधाच्या जवळच्या. अण्णा म्हणाले, आपल्या गावात एवढा कुंदा असताना हे चिकट विकत कशाला घ्यायचं? पिशवीत भरून आणला. कुंदा हा बसून खायचा पदार्थ आहे. पंधराव्या किलोमीटरला तो टाळूला लागला आणि पुढची चार किलोमीटर अण्णा कुणाशीच काही बोलले नाहीत. पूर्ण वाक्यात तर नाहीच.

शेवटची लांबची धाव चौथ्या शनिवारी पडली, बँकेला सुट्टी. पहाटे साडेचारला निघायचं, वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची करत शिनोळीपर्यंत जायचं आणि परत. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. बत्तीसच्या आसपास भरतं. सीमाप्रश्न १९५६ पासून लोंबकळतोय, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे, आणि आम्ही चार जण नाश्त्याच्या आत महाराष्ट्रात जाऊन परतही येतो. हद्द ओलांडली की बोर्डावरची अक्षरं बदलतात, खड्डे तेच राहतात. बाईंनी दर वेळेप्रमाणं तिथं दगडाला हात लावला. डॉक्टरांनी चहाच्या टपरीकडं कुणाला मान वळवू दिली नाही.

परतीला उचगाव फाट्याच्या अलीकडं ती भिंत आली. भिंत म्हणजे काही दिसत नाही. पाय चालू असतात, पण ते दुसऱ्या कुणाचे तरी असतात आणि तो माणूस आपल्यावर रागावलेला असतो. परतीच्या पावसाच्या सरीनंतरचं ऊन चांगलंच पोळायला लागलं होतं, आणि सनस्क्रीन घरी. सगळे गप्प. एवढ्यात मागनं एक छोटा हत्ती आला आणि आमच्या बरोबरीनं पळायला लागला. मागं रताळ्याची पोती. घटस्थापना तोंडावर, बेळगावात उपवासाचा बाजार.

"काय झालंय ओ? गाडी बंद पडली काय?"

"नाही, असंच पळतोय," मी म्हणालो. दोन श्वासांत.

"शिनोळीपास्नं? बसा की मग, बेळगावालाच चाललोय." मग त्यानं मान बाहेर काढली. "अरे, बँकेतले साहेब! ओ साहेब, ते आमच्या पीककर्जाचं रिन्युअल..."

सोमवारी या, एवढं मी कसंबसं म्हणालो. तोवर बाईंनी त्याला सगळं समजावून सांगितलं. शाळेची सवय. मॅरेथॉन म्हणजे काय, कधी आहे, सराव का करायचा. तो दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ठेवून मन लावून ऐकत होता.

"फी किती म्हणालात?"

"दोन हजार."

"एकाची?" त्यानं हिशेब केला. "मला एकानं पाचशे द्या. शिनोळी-बेळगाव दोनदा जाऊन-येऊन सोडतो, जरा जास्तच भरंल. वाटेत चहा माझा. आणि मेडलं काय, पोरानं कबड्डीत जिंकलेली पडल्यात घरात, घेऊन येतो."

अण्णा हसायला लागले आणि हसता हसता कडेला बसले. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. बाईंनी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर आमच्या पुढं दहा पावलांवर होते. ते मागं फिरले, घड्याळाचं बटण दाबलं, आणि छोट्या हत्तीच्या फळीला धरून आत डोकावत म्हणाले, "ती कडेची दोन पोती जरा आत सरकवाल काय?"