यादीच्या डोक्यावर आणखी एक संख्या लिहिली तर?

नमस्कार. काही अनंतं इतर अनंतांहून मोठी असतात, हे जर्मन गणिती कॅन्टरचं म्हणणं मी लेखात मांडलं होतं. त्यावरचे तुमचे दोन्ही आक्षेप एकाच जागी येऊन मिळतात, म्हणून एकत्र उत्तर देतो.

तुम्ही म्हणता, भास्कराचार्यांनी ११५० साली ‘बीजगणिता’त सांगून ठेवलंय की शून्याने भागून येणाऱ्या ‘खहर’ राशीत काही मिळवलं वा काढलं तरी ती बदलत नाही. मग कॅन्टरचं ‘मोठं अनंत’ हा नुसता शब्दांचा खेळ. गॅलिलिओही तुमच्याच बाजूचा आहे. १ ला १, २ ला ४, ३ ला ९ अशी प्रत्येक संख्येला तिच्या वर्गाशी जोडी लावता येते, हे पाहून त्याने १६३८ साली लिहिलं की ‘कमी, जास्त, समान’ हे शब्द अनंताला लागूच पडत नाहीत.

भास्कराचार्यांचा दाखला मला फार आवडतो. प्रलयात सगळे जीव अच्युतात विलीन होतात, सृष्टीच्या वेळी बाहेर पडतात, पण त्याच्यात फरक पडत नाही. शून्याने भागणं आज आपण वर्ज्य मानतो, तरी यातलं निरीक्षण पक्कं आहे. पण ‘भर घालून वाढत नाही’ हे एक विधान आणि ‘त्याहून मोठं काही नाही’ हे दुसरं. पहिल्यावरून दुसरं निघत नाही. लेखात मी एकावरून दुसऱ्यावर उडी मारली आणि मधली पायरी गाळली, ही चूक माझी.

ती पायरी तुमच्याच दुसऱ्या आक्षेपात आहे. ० आणि १ मधल्या सगळ्या दशांश संख्यांची यादी केली, असं कुणी म्हणालं. आपण पहिल्या संख्येचा पहिला अंक, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा असे कर्णावरचे अंक घेतो. अंक ५ असेल तिथे ४ लिहितो, नसेल तिथे ५. तयार झालेली संख्या शंभराव्या संख्येहून शंभराव्या स्थानी वेगळी, हजाराव्याहून हजाराव्या. म्हणजे ती यादीत नाही. तुम्ही विचारता, ती डोक्यावर लिहून टाकली की झालं ना?

लिहा ना. प्रत्येक संख्या एक ओळ खाली सरकेल आणि यादी पूर्वीइतकीच लांब राहील. इथे भास्कराचार्यांचंच म्हणणं लागू पडतं: भर घातली, वाढ झाली नाही. आणि यादी तशीच आहे म्हणूनच नव्या कर्णावरून पुन्हा एक सुटलेली संख्या मिळते. तीही वर लिहिलीत तर तिसरी. हजार संख्या वर लिहा, हव्या तर अनंत संख्या एकाआड एक घुसवा, हाती शेवटी यादीच राहते आणि प्रत्येक यादीचा कर्ण असतोच. १८९१ च्या छोट्याशा निबंधातलं कॅन्टरचं म्हणणं इतकंच होतं. अमुक एका यादीत खोट आहे असं तो म्हणत नाही. कुठलीही यादी पुरी पडत नाही, असं म्हणतो. वर्गसंख्यांच्या बाबतीत जोडी लागली. यादी म्हणजेही १, २, ३… शी लावलेली जोडीच. इथे ती लागूच शकत नाही, आणि ‘मोठं’ या शब्दाचा अर्थ तेवढाच.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: हीच युक्ती १, २, ३… या यादीवर का चालत नाही? एकं स्थानापासून डावीकडे मोजत कर्ण घेऊन पाहा. दुसऱ्या ओळीपासून पुढे प्रत्येक संख्येच्या त्या स्थानी रिकामी जागा, म्हणजे शून्य, येतं. त्यामुळे बदललेले अंक डावीकडे न संपणारे ५, ५, ५ असेच येतात. असा न संपणारा पट्टा ही नैसर्गिक संख्याच नव्हे, त्यामुळे तो यादीत नाही म्हणून त्या यादीतून काहीच सुटलेलं नसतं.