कॅमेऱ्यातली ‘रंगखाऊ’ काच आणि बाकीच्या थापा

‘कॅमेरा कंपन्या तुमच्यापासून काय लपवतात’ अशा थाटाचा एक व्हिडिओ लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर फिरतोय. असल्या गोष्टींकडे मी एरवी ढुंकूनही बघत नाही. पण परवा भाच्याचा फोन आला. ‘मामा, सीझन सुरू व्हायच्या आत सेन्सरवरची काच काढून घेतो म्हणतोय. रंग मोकळे होतात म्हणे.’ त्याच्याकडे कॅमेरा एकच, त्याचेही हप्ते अजून चालू, आणि हा तुळशीच्या लग्नापासून पुढच्या तारखांचे ॲडव्हान्स घेऊन बसलाय. मग बघावाच लागला तो व्हिडिओ.

त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. सेन्सरसमोर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपसमोर, एक निळसर काच असते, ती खरे रंग खाते. ती काढली की कॅमेरा डोळ्यासारखं बघू लागतो. त्यातून रंग बिघडलाच तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न शिजवलेल्या कच्च्या फाइलमध्ये व्हाइट बॅलन्सने (पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा तोल साधून) दुरुस्त होतो. बाकीचा रंग लेन्स ठरवते, म्हणून अमुक कंपनीची लेन्स घेतल्याशिवाय त्वचेचा रंग येणारच नाही. यूव्ही (अतिनील किरणं अडवणाऱ्या) फिल्टरने रंग खुलतात. आणि जाता जाता, इन्फ्रारेडचा, म्हणजे लालच्या पलीकडच्या न दिसणाऱ्या उजेडाचा, काळा फिल्टर हाताशी असेल तर ग्रहण बघायला वेगळा चष्मा लागत नाही. खाली काच काढून देणाऱ्याचा नंबर, अर्थातच.

‘काच खरे रंग खाते, काढली की कॅमेरा डोळ्यासारखं बघतो’

काच आहे, हे खरं. निळसर-हिरवट दिसते, हेही खरं. पुढचं सगळं उलटं आहे.

आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा उजेड दिसतो. सेन्सर सिलिकॉनचा, आणि सिलिकॉनला पार ११०० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंतचं कळतं. म्हणजे जो उजेड मांडवातल्या एकाही माणसाला दिसत नाही, तो सेन्सर मजेत टिपत असतो. ७०० च्या पुढचा हा उजेड म्हणजेच इन्फ्रारेड, आणि तो अडवणं हेच त्या काचेचं काम. आता प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा नाहीतर निळा असा एक रंगीत थर असतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ साली जिचं पेटंट मिळालं तीच मांडणी. हे थर दिसणाऱ्या उजेडात आपलं काम चोख करतात. इन्फ्रारेड आलं की मात्र तिन्ही पारदर्शक. ७०० ते ८०० च्या पट्ट्यात लाल थर सताड उघडा असतो, आणखी पुढे गेलं की हिरवा आणि निळाही तेवढंच आत सोडतात. त्यामुळे ही काच नसेल तर लाल पिक्सेल म्हणतो ‘इथे लाल आहे’, आणि तिथे लाल नावालाही नसतं.

नवरदेवाचा सूट घ्या. कोट पॉलिस्टरमिश्रित कापडाचा, पँट दुसऱ्या दुकानातून घेतलेली लोकरीची, दोन्ही काळे कुळकुळीत. डोळ्याला फरक शून्य. पण कृत्रिम कापडावरचे कित्येक काळे रंग दिसणारा उजेड शोषतात आणि इन्फ्रारेड जवळजवळ तसंच परत फेकतात. काच काढलेल्या कॅमेऱ्यात कोट वांगी रंगाचा येतो आणि पँट त्या मानाने काळी राहते. झाडांची पानं इन्फ्रारेड भरपूर परतवतात, त्यामुळे मांडवाच्या दारातली केळीची पानं पिवळट, मळकट येतात. त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते, खालच्या शिरा वर येतात. हे म्हणे डोळ्यासारखं बघणं!

आणि हे काही माझं घरगुती संशोधन नाही. लायका या जर्मन कंपनीने २००६ साली एम८ हा कॅमेरा काढला. तो रेंजफाइंडर, म्हणजे आत आरसा नसलेला; अशा कॅमेऱ्याच्या लेन्स सेन्सरच्या फार जवळ बसतात, कडेची किरणं तिरपी येतात, आणि जाड काचेतून तिरपी किरणं गेली की कोपरे खराब होतात. म्हणून त्यांनी इन्फ्रारेड रोखणारी काच मुद्दाम पातळ ठेवली, जेमतेम अर्धा मिलिमीटर. काढली नव्हती, फक्त पातळ केली होती. कॅमेरा बाजारात आला आणि लोकांचे काळे सूट जांभळे-किरमिजी यायला लागले. शेवटी कंपनीने एम८ घेणाऱ्यांना लेन्सवर लावायचे दोन यूव्ही-आयआर (अतिनील आणि इन्फ्रारेड अडवणारे) फिल्टर फुकट दिले.

पुढचा भाग तर अजून बोलका आहे. हे फिल्टर इन्फ्रारेड शोषत नाहीत, पातळ थरांच्या साहाय्याने परतवून लावतात, आणि अशा थरांची सीमा किरण तिरपी आली की कमी तरंगलांबीकडे सरकते. म्हणजे वाइड लेन्सच्या कोपऱ्यांत ते इन्फ्रारेडबरोबर थोडा खरा लालही अडवतात. कोपरे निळसर-हिरवे झाले. त्यावर उपाय म्हणून लेन्सच्या माउंटवरचा (कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्यावरचा) सहा-बिटांचा कोड वाचून, कुठली लेन्स लावलीय ते ओळखून, कॅमेऱ्याने आतल्या आत कोपरे सुधारायचे. २००९ च्या एम९ मध्ये त्यांनी काच पुन्हा जाड केली. ज्यांची एक लेन्स तुमच्या-माझ्या गाडीच्या किमतीत येते, त्यांना काचेच्या एवढ्याशा काटकसरीने एवढं नाचवलं. आणि आमचा व्हिडिओवाला ती काच पुरतीच उचकटून टाकायला सांगतोय.

काच काढण्याचं कामही दिसतं तेवढं सोपं नाही. काच जाते तेव्हा तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश इतका फोकस सरकतो. दोन मिलिमीटरच्या काचेला हे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त झालं, आणि लेन्स-सेन्सरमधलं अंतर तर मिलिमीटरच्या शतांशात जपावं लागतं. जागेवर तेवढ्याच जाडीची साधी पारदर्शक काच नाही बसवली तर लांबच्या वस्तूंवर फोकस बसणंच बंद होतं. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर फोकसचा सेन्सर वेगळा असतो, तो एक सांगतो आणि चित्रात भलतंच येतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत धूळ झटकणारी कंप पावणारी व्यवस्था याच काचेच्या थरांवर असते, तीही गेली. बॉडीत उघडणारा फ्लॅश असेल तर त्याच्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट साठलेले असतात, हे घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसणाऱ्यांसाठी.

एक गोष्ट लग्नवाल्यांनी विशेष लक्षात घ्यावी. इन्फ्रारेडमध्ये काही पातळ गडद कापडं विरळ होतात, आरपार दिसतं. १९९८ मध्ये सोनीच्या नाइटशॉट हँडीकॅमवरून याच कारणाने गदारोळ झाला आणि कंपनीला कॅमेऱ्यात बदल करावे लागले. २०२० मध्ये वनप्लस ८ प्रोच्या रंग-फिल्टर कॅमेऱ्यावरून पुन्हा तेच. असा कॅमेरा घेऊन लोकांच्या घरच्या कार्याला जायचंय का, विचार करा.

आता अर्धं सत्य, नाइलाजाने. साधारण कॅमेऱ्याची काच ७०० ला एकदम बंद होत नाही. ६०० च्या पुढे हळूहळू कमी सोडायला लागते, आणि हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा तिच्यात बरीच मारली जाते. तेजोमेघांचा लाल रंग नेमका हाच. मुंबईबाहेरच्या वांगणीला थंडीत रात्र जागवणाऱ्या आकाशवाल्यांची तक्रार खरी आहे, आणि कंपन्यांनी ती लपवलेलीही नाही. कॅननने २००५ मध्ये २०डीए, २०१२ मध्ये ६०डीए आणि २०१९ मध्ये ईओएस आरए काढला; निकॉनने २०१५ मध्ये डी८१०ए. सगळे जाहिरात करून विकले. पण त्यांतही इन्फ्रारेड अडवणारी काच आहे, फक्त तिची सीमा पुढे सरकवलेली. आणि एवढ्यानेही नेहमीच्या फोटोंत लाली येते, सर्वसाधारण फोटोंसाठी हे वापरू नका, असं या कंपन्याच सांगतात. इन्फ्रारेडची हौस असेल तर जुनी बॉडी स्वस्तात घ्या आणि जाणकाराकडून तिच्यावर हे काम करून घ्या. पोटापाण्याच्या कॅमेऱ्यावर नाही.

‘बिघडलं तर रॉमध्ये व्हाइट बॅलन्सने ठीक होतं’

नाही होत. व्हाइट बॅलन्स म्हणजे अख्ख्या चित्रासाठी तीन गुणक: लालला एक, हिरव्याला एक, निळ्याला एक. इन्फ्रारेडची भेसळ मात्र कापडागणिक, पानागणिक वेगळी. कोट काळा करायला लाल खाली ओढाल, तर नवरीच्या चेहऱ्यावरचा लालही त्याच मापाने जाईल. पिक्सेलने फक्त बेरीज लिहून ठेवलेली असते. १० लिहिलंय, ते ७ लाल अधिक ३ इन्फ्रारेड, की ४ अधिक ६, हे फाइल रॉ असो वा आणखी काही, कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

खात्री करायची तर टीव्हीचा रिमोट घ्या, मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच फोनांत रिमोटच्या टोकाला पांढरट-जांभळा दिवा लुकलुकताना दिसेल. तो उजेड बहुधा ९४० नॅनोमीटरचा असतो. त्याला डोळ्यापुरता रंग नाहीच. जांभळा हा सेन्सरने केलेला अंदाज. मागच्या कॅमेऱ्यात तोच दिवा बहुतेकदा अंधूक दिसतो किंवा दिसतच नाही, कारण तिथली काच जास्त कडक.

‘त्वचेचा रंग लेन्सच ठरवते’

लेन्सला रंग असतो, मान्य. काचेचे प्रकार, कोटिंग, यांनी एखादी लेन्स किंचित पिवळट तर दुसरी किंचित थंड उजेड सोडते. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं ६७२८ हे १९८३ चं मानक आहे, त्यात लेन्स निळा, हिरवा, लाल यांत किती फरक पाडते ते तीन आकड्यांत सांगायची रीत आहे. फिल्मच्या काळात याला फार महत्त्व होतं, कारण स्लाइड फिल्मवर एकदा आलेला रंग तिथेच राहायचा. डिजिटलमध्ये लेन्सची ही सौम्य छटा सगळ्या चित्रावर सारखी असते, आणि नेमक्या अशाच छटेला व्हाइट बॅलन्स चांगला पुरतो. थोरियमयुक्त काचेच्या जुन्या ५० मिमी एफ १.४ सुपर-टाकुमारसारख्या लेन्स चक्क चहाच्या रंगाच्या झालेल्या असतात. त्यांतूनही करड्या कार्डावर बॅलन्स घेतला की फोटो बऱ्यापैकी जाग्यावर येतो. लेन्सचा खरा हात लागतो तो फ्लेअरमधून, म्हणजे लेन्सच्या आत विखुरणाऱ्या उजेडातून. कोटिंग सुमार असेल आणि फ्रेममध्ये माळेचे दिवे असतील, तर सगळ्या चित्रावर पांढुरकी साय चढते आणि रंग फिके वाटतात.

लोक ‘या कंपनीच्या लेन्सचा रंग’ म्हणतात तेव्हा सहसा त्यांनी दोन कंपन्यांचे कॅमेरे शेजारी ठेवलेले असतात. मग फरक पडतो तो सेन्सरवरच्या थरांचा आणि कंपनीने जेपेगसाठी (कॅमेऱ्यातच तयार होणाऱ्या फोटोसाठी) ठरवलेल्या रंगांच्या प्रोफाइलचा. बॉडी एकच ठेवा, लेन्स बदला, चोवीस चौकोनांचा कलरचेकर (रंग तपासायचा तक्ता) समोर धरा, करड्या चौकोनावर बॅलन्स घ्या. उरलेला फरक शोधायला चष्मा पुसावा लागेल.

त्यापेक्षा हॉलमधल्या दिव्यांकडे बघा की! स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल फार थोडा असतो. मग मरून शालू तपकिरी येतो आणि कुंकू विटकरी. उजेडातच जो लाल नाही, तो ना लेन्स आणू शकते ना काच काढून मिळतो. लेन्सवर लाखभर घालण्याआधी दोन बऱ्या दर्जाचे दिवे घ्या.

‘यूव्ही फिल्टरने रंग खुलतात’

फिल्मच्या जमान्यातलं वाक्य. आताच्या लेन्सची काच आणि सेन्सरसमोरचे थर मिळून अतिनील उजेड आधीच जवळपास सगळा अडवतात. हर्णैला समुद्राचे खारे तुषार उडत असतील तर लेन्स वाचवायला लावा, रंगासाठी नको.

रंग बिघडवणारा बाहेरचा फिल्टर हवाच असेल तर तो गडद एनडी, म्हणजे उजेड सरसकट कमी करणारा करडा फिल्टर. दहा स्टॉपचे (दहा वेळा उजेड निम्मा करणारे) कित्येक एनडी दिसणारा उजेड हजार पटीने कमी करतात, इन्फ्रारेड मात्र त्या मानाने सहज जाऊ देतात. मग आतल्या काचेतून निसटणारं थोडंसं इन्फ्रारेडही भारी पडतं आणि काळे खडक तांबूस येतात. म्हणून चांगले एनडी घेताना ते इन्फ्रारेडही अडवतात का ते विचारून घ्यावं. याबद्दल व्हिडिओत अवाक्षर नाही.

‘काळ्या इन्फ्रारेड फिल्टरमधून ग्रहण बघता येतं’

हे ऐकून मात्र फोन फेकून द्यावासा वाटला. ७२० नॅनोमीटरचा फिल्टर डोळ्याला काळा दिसतो, कारण तो दिसणारा उजेड जवळपास सगळा अडवतो. इन्फ्रारेड जाऊ देणं हेच त्याचं काम. सूर्य अंधूक दिसतो म्हणून पापणी मिटत नाही, अंधारामुळे बाहुली उलट मोठी होते, आणि इन्फ्रारेड थेट दृष्टिपटलावर. तिथे वेदना कळत नाही, त्यामुळे बघणारा बघत राहतो. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून टेलिलेन्स लावून बघाल तर सूर्य आणखी एकवटून मिळेल. २५ ऑक्टोबर २०२२ ला मावळत्या सूर्याचं खंडग्रास ग्रहण महाराष्ट्रातून दिसलं तेव्हा गच्च्यागच्च्यांवर लोक काय काय डोळ्याला लावून उभे होते! ग्रहणाच्या चष्म्यासाठी आयएसओ १२३१२-२ हे मानक आहे, तो इन्फ्रारेडही रोखतो. कॅमेऱ्याला सूर्याचा फिल्टर लेन्सच्या पुढे लावायचा, मागे नाही. दोन्ही नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा आणि भिंतीवर पडलेली सूर्याची प्रतिमा बघा.