म्हणे विक्रमाला मेलेलाच मासा लागतो!

मृगाच्या पावसात गोव्यातल्या शापोरा नदीत गरवताना, म्हणजे गळाने मासे धरताना, माझ्या भाच्याला बारा किलोंचा चोणक लागला. रायगडकडे जिताडा म्हणतात तोच. पठ्ठ्याने तो काठावरच मारला, थर्माकोलच्या पेटीत बर्फात घातला आणि मग मला फोन. "मामा, रेकॉर्डसाठी मारावाच लागतो ना?"

हे ज्ञान व्हॉट्सअॅपचं. तोच मेसेज मलाही तिघांनी पाठवला होता: विक्रमाला मासा मेलेलाच लागतो, फोटो कुणी धरत नाही, सोडलेला मासा तसाही मरतो, आणि मोठा मासा म्हणजे म्हातारा नर, मारला तर काय बिघडलं?

गळाने धरलेल्या माशांचे जागतिक विक्रम नोंदवते ती इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन. २०११ पासून तिथे लांबीच्या विक्रमांचा वेगळा वर्ग आहे, आणि त्यात मासा जिवंत सोडणं ही अटच आहे. मारलात तर बाद! अधिकृत मापपट्टीवर मासा आडवा, तोंड मिटलेलं, नाक पट्टीच्या टोकाला टेकलेलं, शेपटीपर्यंतचं माप दिसेल असा फोटो. म्हणजे फोटोचा मुद्दाही तिथेच निकालात निघाला.

वजनाच्या विक्रमाबाबत थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. होडीवरचं वजन चालत नाही. जमिनीवरच करावं लागतं, तेही वर्षभरात तपासून घेतलेल्या काट्यावर. पण जमिनीवर म्हणजे मेलेला, हे कुठून काढलं? ओल्या झोळीत घाला, काट्याला अडकवा, झोळीचं वजन वजा करा, पाण्यात सोडा. उलट मेलेला मासा सुकतो आणि वजन घटतं. आमचे भाचेराव काटा शोधत पेटीसह म्हापशापर्यंत फिरून आले.

सोडलेले काही मासे मरतात, खरं आहे. गरी घशात गेलेली असते, नाहीतर फोटोच्या हौसेपायी तो तापल्या वाळूत तडफडलेला असतो. यात दोष धरणाऱ्याचा.

पण "म्हातारा नर" वाचून माझं डोकंच फिरलं. चोणक आयुष्य सुरू करतो नर म्हणून. काही वर्षांनी, अंगाने वाढल्यावर मादी होतो. म्हणजे मीटरभर लांबीचा चोणक ही बहुतेक वेळा अंडी घालणारी मादीच, आणि पावसाळा हा तिचा अंडी घालण्याचा काळ. संध्याकाळी बहिणीने विळीवर पोट चिरलं तर आत दोन्ही बाजूंना गाबोळी, एकेक तिच्या कोपरापासून मनगटाएवढी. परातीत मावेना. भाचा दारात उभा राहून बघत होता.

"मामा, रेकॉर्ड किती किलोंचं आहे?" त्याने बऱ्याच वेळाने विचारलं.

"४४.६४. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडला, २०१० साली."

रात्री तो माशाचं हुमण न जेवताच झोपला.